उजवीकडची गिरकी

आपली स्केटिंगची कारकीर्द का संपली, हे गेनादी पावलोविच यांनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. एकच बटण तीनदा दाबून तीन उत्तरं आली, तर गप्प बसणाऱ्यांतला मी नाही. तक्रार लिहितो, स्क्रीनशॉट जोडतो आणि समोरच्याची झोप उडवतो. पण माणसाबद्दलची तक्रार नोंदवायची कुठे? दहा वर्षं ओळखतोय मी त्यांना, आणि त्यांच्याविषयी ठामपणे काही सांगायला बसलो की दुसऱ्या वाक्याला अडखळतो.

एवढं नक्की, की ते रशियन आहेत आणि तरुणपणी बर्फावर जोडीने स्केटिंग करायचे. जोडीच्या स्केटिंगमध्ये पुरुष बाईला एका हातावर डोक्याच्या वर उचलतो, किंवा सरळ हवेत फेकतो. ती हवेत गिरक्या घेते आणि लांब कुठेतरी एका पायावर, एका पात्यावर उतरते. टीव्हीवर हे फार सुरेख दिसतं. कठड्याजवळ उभं राहून पाहिलं तर आपण नकळत कठडा घट्ट धरतो. गेनादी पावलोविच हे असं बरीच वर्षं करत होते, नाद्या नावाच्या मुलीबरोबर. आम्हाला भेटले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते आणि अमेरिकेतल्या आमच्या आयसेलिन गावापासून पंधरा मिनिटांवर बर्फाच्या एका जुनाट रिंकवर मुलांना शिकवत होते.

इरा आठ वर्षांची असताना आम्ही तिला तिथे घातलं. भरतनाट्यमच्या बाईंनी ‘हिला एका जागी उभं राहवत नाही’ म्हणून तिला परत पाठवलं होतं, एवढीच तिची पात्रता. पहिल्याच महिन्यात कळलं की आमची मुलगी उलटी आहे. रिंकवरची जवळजवळ सगळी मुलं डावीकडे गिरकी घेतात. इरा उजवीकडे घ्यायची. वर्ग घेणारी तरुण अमेरिकन मुलगी मोठ्या प्रेमाने तिला खांद्याला धरून डावीकडे वळवायची आणि इरा तितक्याच प्रेमाने पुन्हा उजवीकडे फिरायची. एका शनिवारी पलीकडून एक भलामोठा माणूस बर्फावरून सरकत आला, त्या मुलीशी काहीतरी बोलला आणि इरासमोर येऊन थांबला.

“हिला फिरवू नका,” तो मला म्हणाला. “नाव काय?”

“इरा.”

“इरा? हे तर आमचं नाव!”

“आमचं,” मी म्हटलं. “संस्कृत आहे.”

“असेल. माझ्या शाळेत चार इरा होत्या. एकीलाही संस्कृत येत नव्हतं.” मग माझ्याकडे बोट. “तुमचं नाव? आणि तुमच्या वडिलांचं?”

वडिलांचं नाव कशाला हवं, ते मला कळेना. तरी सांगितलं, दत्तात्रेय. त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवलं आणि त्या दिवसापासून मी मिलिंद दत्तात्रेयविच झालो. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं असतं, वडिलांचं नाव जोडावं लागतं. आमच्याकडेही मधलं नाव वडिलांचंच असतं हे ऐकून ते इतके खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे इराचीही इरा मिलिंदोव्हना करून टाकली. अमेरिकेत मी सतरा वर्षं होतो आणि इतक्या वर्षांत माझ्या वडिलांचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. वडील नाशिकला वारले, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी गाडीत बसून थोडा वेळ गाडी सुरूच केली नाही.

त्यांचं इंग्रजी तुटक होतं. मी इथे ते मराठीत घालतोय, तेव्हा त्यांच्या बोलण्याला जरा जास्तच इस्त्री झालीय असं समजावं.

चालताना ते उजवा हात शरीरापासून थोडा दूर, कमरेच्या उंचीवर, तळवा वर करून धरत. मला आधी वाटलं खांदा दुखावलाय. नंतर लक्षात आलं की त्या हाताजवळ एकेकाळी कुणीतरी असायचं. ती जागा ते बर्फावरही सोडत आणि पार्किंगमध्येही. एकदा त्यांना ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानात किराणा घ्यायला नेलं. आमच्या घरी चक्का खाऊन ‘हे तर माझ्या आईचं आहे’ असं त्यांनी जाहीर केलं होतं आणि त्यांना तो स्वतः विकत घ्यायचा होता. दुकानात डाळींच्या अरुंद बोळातून तो हात तसाच पुढे, आणि समोरून एक काकू टोपली घेऊन आल्या. हात काकूंच्या कमरेला लागता लागता राहिला. काकूंनी जे डोळे वटारले! “सॉरी काकू, ते रशियन आहेत,” मी म्हणालो, जणू त्याने सगळा खुलासा होत होता. काकूंचा झाला नाही. गेनादी पावलोविच मात्र त्यांना अदबीने वाकून वाट देत होते आणि हात तरीही खाली घेत नव्हते.

शिकवताना आवाज चढवत नसत. मूल पडलं की उचलायला जात नसत. शेजारी उभे राहून म्हणत, “बर्फ तुझ्यावर रागावलेलं नाही. बर्फाला तू कोण हेच माहीत नाही. ऊठ.” इरा हे वाक्य पुढे गणिताच्या पेपरलाही वापरायला लागली. आणि स्पर्धेला निघताना, बॅगा गाडीत भरून झाल्या की ते सगळ्यांना परत आत बोलवून बाकावर बसवत. एक मिनिट, गप्प. पहिल्या वेळी आम्हाला आधीच उशीर झाला होता. मी घड्याळ बघायला लागलो तर म्हणाले, “बसा. रस्त्याला कळू दे की आपल्याला घाई नाही.” सुजाता, माझी बायको, नागपूरची. ती माझ्या कानाशी कुजबुजली, “हे काय करून राहिले? नारळ फोडायचा राहिला का आता?” पण त्यानंतर आम्ही नाशिकला जायला विमानतळाकडे निघालो तरी ती आधी सगळ्यांना सोफ्यावर मिनिटभर बसवते.

तर त्या तीन गोष्टी.

पहिली मला रिंकच्या पायऱ्यांवर कळली. ते थर्मासमधला काळा चहा पीत होते. मी सहज विचारलं, तुम्ही स्केटिंग का सोडलंत? त्यांनी पँट वर करून डाव्या गुडघ्यावरची लांब शिवण दाखवली. “हा गेला. गुडघा गेला की पुरुष गेला. बाईला उचलणार कोण?” विषय संपला.

वर्षभराने त्यांची गाडी बिघडली म्हणून मी त्यांना घरी सोडत होतो. थंडीने माझाच गुडघा कुरकुरत होता, म्हणून मी त्यांच्या गुडघ्याची आठवण काढली. “कसला गुडघा?” ते म्हणाले. “गुडघा घेऊन मी आणखी दहा वर्षं उचललं असतं. नाद्याने लग्न केलं. कॅनडातल्या दंतवैद्याशी. दातांपुढे कोणाचं चालतं?”

तिसऱ्यांदा रिंकचं बर्फ बिघडलं होतं. यंत्र बंद पडून मधोमध पाण्याचं तळं झालं होतं आणि ते कठड्याला टेकून बघत उभे होते. “आमच्याकडे असंच झालं,” ते म्हणाले. “देशच संपला. विजेचे पैसे द्यायला कुणी नाही. बर्फ वितळवलं आणि रिंकमध्ये कोटांचा बाजार भरवला. आम्ही स्केट घेऊन गेलो, तर एक बाई म्हणाली, टोपी घेता का?”

“पण तुम्ही तर गुडघा म्हणाला होतात. आणि मग दंतवैद्य.”

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “मिलिंद दत्तात्रेयविच, तुम्ही पोलिसात आहात का?”

मी विषय सोडला. पण डोक्यात ती तक्रार उघडीच राहिली.

इरा चौदाची झाली आणि एक फोन आला. दोन तासांवरच्या एका मोठ्या सेंटरमधल्या कोच बाई होत्या. त्यांनी इराला एका स्पर्धेत पाहिलं होतं. त्यांच्याकडे जोडीत स्केटिंग करणारा मुलगा होता आणि त्याची जोडीदारीण फार उंच झाली होती. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांना सांगतो, जोडीसाठी मुली शंभर असतात, मुलगा एखादा. मोकळा मुलगा म्हणजे स्थळ चालून आल्यासारखंच. इरा बारीक, हलकी आणि बिनधास्त होती. अट एकच. जोडीत दोघांना एकाच दिशेने फिरावं लागतं आणि तो मुलगा डावीकडे फिरायचा. इराने दिशा बदलायची. वर्ष-दीड वर्षात जमतं, बाई म्हणाल्या. सोमवारपर्यंत कळवा.

“बाबा, पेअर्स!” इरा स्वयंपाकघरात उड्या मारत होती. “धिस इज इट. आय’ल स्विच. लोक करतात स्विच. प्लीज, प्लीज, यू हॅव टु टॉक टु हिम.”

मी गेनादी पावलोविचना सांगितलं. त्यांना आनंद होईल असंच मला वाटलं होतं, त्यांचाच खेळ तो. ते म्हणाले, “नाही.”

“का?”

“मुलगा चांगला नाही.”

“तुम्ही पाहिलाय त्याला?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी कारण बदललं. ते सेंटर फार थंड आहे म्हणे. “बर्फाचं सेंटर थंड नसेल तर काय गरम असेल?” सुजाता घरी म्हणाली, पण तिलाही हसू येत नव्हतं, कारण वर खोलीत इरा रडत होती. शुक्रवारी माझा संयम सुटला. सगळ्या पालकांसमोर मी त्यांना म्हणालो, की तुमची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी हातची जाईल म्हणून तुम्ही तिला अडवताय. असं बोलायला नको होतं. ते एका लहान मुलीच्या स्केटची नाडी बांधत होते. गाठ पुरी मारली, मग उठले.

“मी तिला आज सोडतो,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगली कोच सुचवतो. पाहिजे तिकडे न्या. फक्त फिरवू नका.”

मी काय समजायचं होतं? माणूस स्वार्थी म्हणावा तर तो तिला सोडायला निघाला होता. शहाणा म्हणावा तर कारण देत नव्हता. त्या मुलीचं आयुष्य त्या एका ‘हो’वर अडलं होतं आणि मला कुणी धड काही सांगत नव्हतं.

शनिवारी आमच्याकडे गणपतीची आरती होती. आमंत्रण भांडणाच्या आधीच दिलेलं. ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले, कोट घालून, पाच पिवळी फुलं घेऊन. बेसमेंटमध्ये पस्तीस माणसं कोंबलेली. त्यांनी बूट काढले आणि अगदी मागे, कपडे वाळवायच्या मशीनजवळ उभे राहिले. आरत्या झाल्या. मग शेवटी आपण सगळे करतो तसं सगळ्यांनी हात जोडून जागच्या जागी स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली. गुडघेदुखीवाले कुलकर्णी काका, कडेवरच्या पोराला घेऊन त्यांची सून, टीशर्टातली अमेरिकेत जन्मलेली पोरं, इरा, सगळे एकदम. सगळे उजवीकडे.

मी फिरता फिरता त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तो उजवा हात, जो मी कधी खाली पाहिला नव्हता, तो बाजूला लोंबत होता.

“सगळे उजवीकडे?” त्यांनी सुजाताला विचारलं.

“मग?” सुजाता प्रसादाचं ताट फिरवत म्हणाली. “डावीकडे कोण फिरतं?”

ते हातातला मोदक तसाच घेऊन वर गेले आणि बाहेर पडले. इरा त्यांच्यामागे धावली. मी खिडकीतून पाहत राहिलो. ड्राइव्हवेवर ते तिच्याशी बोलत होते. एकदा त्यांनी दोन्ही हात वर केले, फेकल्यासारखे. मग खाली वाकून काँक्रीटवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसेच राहिले. मोदक इराच्या हातात होता.

पाहुणे गेल्यावर इराने आम्हाला सांगितलं.

“नाद्या माझ्यासारखी होती. राइटी. ही आस्क्ड हर टु स्विच. शी वॉज लाइक, सोळा वर्षांची. तिला नको होतं, बट ही आस्क्ड, सो शी डिड. दोन वर्षं लागली. एव्हरीवन सेड परफेक्ट झालंय.” ती थांबली. “आणि मग एकदा त्यांनी तिला थ्रो केलं, अँड अप देअर तिच्या बॉडीला कळलंच नाही की कुठे वळायचं. अर्धी अशी, अर्धी तशी. ते म्हणाले, बाबा, की ती वर असतानाच त्यांना दिसलं. ही कुडंट गेट अंडर हर इन टाइम.”

जोडीतल्या पुरुषाला पहिली गोष्ट हीच शिकवतात, की ती पडली तर तू खाली असायला हवास. नाद्याचं माकडहाड आणि कंबर गेली. ती वाचली, चालायला लागली, पण बर्फावर पुन्हा उतरली नाही.

सोमवारी इराने स्वतः फोन करून त्या बाईंना ‘नो, थँक यू’ सांगितलं. मी तिला काही म्हटलं नव्हतं. आठवडाभर ती रिंकवर गेली नाही. मग गेली, आणि उजवीकडे फिरत राहिली.

ही गोष्ट इथे नीट मिटायला हरकत नव्हती. पण दोन वर्षांनी तो मुलगा, दुसऱ्या एका मुलीबरोबर, एका मोठ्या स्पर्धेत टीव्हीवर दिसला. इरा वाटीतलं सीरियल खात बघत होती. त्याने त्या मुलीला फेकलं, ती उतरली, लोक उभे राहिले. “शी’ज गुड,” इरा म्हणाली, वाटी सिंकमध्ये ठेवली आणि वर गेली. वाटीत सीरियल तसंच होतं. इरा स्वतः पुढे फारशी कुठे पोचली नाही. राज्याच्या स्पर्धेत एकदा पाचवी आली, तेवढंच. दिशा बदलणारी कितीतरी मुलं सुखरूप असतात, हेही मी वाचलं होतं. मला राग आला, आणि कुणाचा आला ते कळेना. दुसऱ्याच दिवशी मी गेनादी पावलोविचना गाठून विचारलं, “त्या दिवशी तुम्ही इराला सांगितलंत तेच खरं कारण ना? तेच ना?”

“कशाचं?”

“तुमचं संपलं त्याचं.”

“गुडघा,” ते म्हणाले. “दाखवला होता ना मी?”

मी त्यानंतर विचारणं सोडलं. इरा कॉलेजला गेली. रिंकवर जायला मला कारण उरलं नाही.

यंदाच्या मार्चमध्ये तिचा फोन आला, की कपाटातले तिचे लहानपणीचे स्केट रिंकवर देऊन टाक, कुणालातरी होतील. शनिवारी सकाळी पिशवी घेऊन गेलो. वर्ग सुरू व्हायचे होते. बर्फ नुकतंच गुळगुळीत केलेलं, आणि त्यावर एकटे गेनादी पावलोविच.

ते फिरत होते, पण काहीतरी चुकत होतं. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो तेव्हा उमगलं. हात डावा पुढे होता. आणि ते उजवीकडे फिरत होते. आठ वर्षांची मुलं पहिल्या महिन्यात शिकतात तसली अर्धी उडी त्यांनी उजवीकडे मारली आणि साठीला आलेला तो दांडगा माणूस आडवा पडला. माझ्या तोंडून हाक निघाली.

कठड्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवला होता. फोनमध्ये पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली एक बाई रशियनमध्ये तावातावाने काहीतरी सुनावत होती. तिच्या खुर्चीला काठी टेकवलेली होती.

गेनादी पावलोविच उठून धापा टाकत कठड्यापाशी आले. “नाद्या,” ते फोनला म्हणाले, “हे इराचे वडील. मिलिंद दत्तात्रेयविच.”

तिने मला नीट निरखलं. “उजवीकडे फिरणारी इरा?” तिचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरंच चांगलं होतं. “बघताय ना? फार वाईट फिरतो हा.” तिच्या मागून एक टक्कल पडलेला माणूस कॉफीचा मग घेऊन गेला आणि जाताना त्याने आमच्याकडे हात हलवला. दात फार छान होते त्याचे.

म्हणजे दंतवैद्य होता. गुडघ्यावर शिवण होतीच. देश संपलेला तर सगळ्या जगाने पाहिला. त्यांनी मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

“कधीपासून चाललंय हे?” मी विचारलं.

“इराने ‘नाही’ म्हणून कळवलं, त्या आठवड्यापासून.” त्यांनी कपाळ पुसलं. “नाद्याला दोन वर्षं लागली होती. मला पाचवं चालू आहे. कठीण आहे हो. मी तिला म्हणालो होतो, सोपं आहे.”

इराच्या बाबतीत तुम्ही बरोबर केलंत की चूक, हे मला विचारायचं होतं. आजही विचारायचं आहे. मी इराचे छोटे स्केट पिशवीतून काढून फोनशेजारी कठड्यावर ठेवले.

फोनमधल्या बाईने एक बोट वर केलं आणि उजवीकडे फिरवलं. गेनादी पावलोविच यांनी गुडघ्यावरचं बर्फ झटकलं, डावा हात पुढे धरला आणि निमूटपणे पुन्हा निघाले.